हेडबाई विसरत नसत

शाळेची स्मरणिका निघणार आहे. गेल्या आठवड्यात कमिटीतले दोघे घरी येऊन गेले. म्हणाले, "आक्का, हेडबाईंच्यावर चार ओळी लिवून द्या. आईच्या मायेनं त्यांनी शाळा कशी सांभाळली, पोरांवर कसा जीव लावला, आसं कायतरी."

मी सतरा वर्षं त्या शाळेत बिसीऊट रांधलं, म्हणजे पोरांचं दुपारचं सरकारी जेवण. त्यातली नऊ वर्षं बाईंच्याबरोबर. मला मायेचं काही आठवत नाही. जे आठवतं ते लिहिते. माझं शिक्षण चौथी. छापायचं तर छापा, नाहीतर बंबात घाला.

शाळा कमिटीच्या अध्यक्षाचं नाव मी लिहीत नाही. तो वाचेल आणि त्याला कळेल.

बाई निपाणीच्या. ठेंगण्या, काळ्या, पाठ ताठ. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे वेळ फक्त त्यांना दिसायची. आई तंबाखूच्या वखारीत होती. तिनं वीस वर्षं मुकादमाचं काम केलं आणि मुकादम म्हणून दुसराच गडी मिरवत राहिला. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना. पुढं म्हणाल्या, "मी तसली मरणार न्हाय." शाळेत त्या सगळ्यांत थोरल्या म्हणून हेडमास्तरचा चार्ज त्यांच्याकडं होता, पण कागदावर त्या साध्या शिक्षिका. त्यांच्या बढतीची फाईल बेळगावच्या ऑफिसात कुठंतरी पडली होती. बाईंना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, कागदावर हेडमास्तर.

त्यांच्या आधीचा हेडमास्तर टेबलावर छडी ठेवून गरजायचा. पोरं चड्डीत मुतायची आणि मास्तर लोक त्याच्या पाठीमागं हसायचे. गाव म्हणायचं, शिस्त बघा. बाई आल्या आणि आवाज बंद झाला. त्या ओरडल्या नाहीत कधी. कुणी अपमान केला तर म्हणायच्या, "बरं. लक्षात ठेवते." लोकांना वाटायचं, बाई मऊ आहे.

आमचं तर पहिल्याच दिवशी वाजलं. पोरांच्या आधी हेडमास्तरनं जेवण चाखायचं आणि चवीच्या रजिस्टरात लिहून सही करायची असा सरकारचा नियम आहे. आधीचा ऑफिसात बसूनच सही ठोकायचा. बाई स्वयंपाकघरात आल्या, पळीभर सांबार तोंडात घेतलं, दाराबाहेर जाऊन थुंकलं आणि म्हणाल्या, "ताट वाढा."

मी वाढलं.

"आता पोरांसमोर बसा. तुमीच जेवा."

मी सगळ्या पोरांसमोर मांडी घालून बसले आणि तो कडू, खवट सांबार-भात खाल्ला. दोन घास राहिले तर म्हणाल्या, "तेवढं पण." माझे केस तेव्हाच पांढरे झालेले होते. मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डाळीचं पोतं उघडायला लावलं. डाळ किडलेली. शाळेचं धान्य अध्यक्षाच्या घरच्या खोलीत असायचं. चांगली डाळ कुठं जायची ते मी सांगत नाही. बाईंनी ते पोतं त्याच्याच दुचाकीवर लादून त्याच्याच हातानं परत पाठवलं, भर बाजाराच्या दिवशी. मग रजिस्टरात लिहिलं: "डाळ खराब होती. स्वयंपाकिणीची चूक नाही. चौकशी न करता तिला शिक्षा केली, ही चूक माझी." आणि ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, त्याच पोरांसमोर. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. वेळ लागला. बाई थांबल्या.

माफी मात्र मागितली नाही. मीही त्यांना वर्षभर माफ केलं नाही, आणि त्यांनी तशी अपेक्षाही ठेवली नाही. पण त्या दिवसापासून रोज बाराला त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून अख्खं ताट जेवायच्या, मग पोरांची पंगत बसायची. मीठ कमी तर "मीठ कमी" असं लिहायच्या. त्या लिहायच्या तेवढ्या वर्षांत "चव चांगली" असं त्यांनी अकरा वेळा लिहिलं. ते अकराही दिवस मला माहीत आहेत.

हणमंत मास्तर बेळगावहून बसनं यायचा. रोज पंधरा-वीस मिनिटं उशीर. आधीच्या हेडमास्तरनं त्याला दहा वेळा झापलं होतं, मास्तर कोडगा झाला होता. बाई काही बोलल्या नाहीत. घंटा झाली की स्वतः त्याच्या पाचवीच्या वर्गात जायच्या, फळ्यावर गणित मांडायच्या, निम्मं सोडवायच्या. मास्तर घाम पुसत दारात आला की खडू त्याच्या हातात द्यायच्या. "मास्तर, एवढं ऱ्हायलंय. पुरं करा." आणि जाऊन मागच्या बाकावर पोरांत बसायच्या. मास्तरला गणित जेमतेम यायचं. पोरांना ते दोन दिवसांत कळलं.

असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी तो स्वयंपाकघराशी बाईंना गाठून म्हणाला, "बाई, मेमो द्या, पगार कापा, पर ह्ये नगा करू. पोरं हसत्यात."

"मेमोला कागद लागतोय मास्तर. उगं कशाला नासायचा?"

त्यानंतर तो पहिल्या बसनं यायला लागला. पण माणूस वेळेवर आला म्हणून सुधारला असं नसतं. तो संध्याकाळी अध्यक्षाच्या कट्ट्यावर बसायला लागला. एकाला डाळीचं दुखत होतं, दुसऱ्याला खडूचं.

मग शाळा कमिटीची मीटिंग झाली. मी चहा देत होते. अध्यक्षानं खाकरून सुरुवात केली.

"बाई, तुमी वाईट न्हाईसा. पर शाळा म्हंजे घर न्हवं. हितं गडीमाणूस पायजे. आवाज पायजे. ऑफिसात जाऊन सायबाच्या खांद्यावर हात टाकाय पायजे. बाईमाणसाला ते जमतंय व्हय?"

"काय ऱ्हायलंय माझ्याकडनं करायचं?" बाईंनी विचारलं.

"तसं न्हवं. ऱ्हायलं काय न्हाय. पर दिसाय तर पायजे."

कमिटीत तीन बायका होत्या. तिघींनी कपात बघितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या तिघीही आता बाईंच्या मायेच्या आठवणी सांगत फिरतात.

"बरं," बाई म्हणाल्या. "लक्षात ठेवते."

महिन्याभरात अध्यक्षाच्या खटपटीनं कागद आला. बाईंना शिस्त लावता येत नाही, गावाशी पटत नाही, म्हणून चार्ज हणमंत मास्तरकडं. बाईंनी किल्ल्या दिल्या आणि तिसरीच्या वर्गावर जाऊन बसल्या. मास्तरनं खुर्चीवर नवा टॉवेल टाकला, टेबलावर दाबायची घंटी आणली आणि सगळ्यांना सांगितलं, मला सायब म्हणायचं. जुनी छडीही कुठून तरी शोधून काढली. बाई त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट "सायब" म्हणाल्या. माझ्या जिभेला ते जमलं नाही. मी त्याला काहीच म्हटलं नाही.

दुपारी मास्तर जेवण चाखायला यायचा नाही. घरचा डबा होता त्याचा. पण रजिस्टर तर भरायला पाहिजे. म्हणून त्यानं आपली एक पद्धत काढली. सोमवारी सकाळी शनिवारपर्यंतच्या सहा सह्या एकदम करून टाकायच्या. "चव उत्तम. मीठ बरोबर." सहा ओळी, एका दमात, एकाच पेनानं.

मी तिसरीच्या दारात जाऊन बाईंना सांगितलं, "ह्यो न रांधलेल्या भाताची चव लिवतोय."

"लिवू दे."

"सांगू का कुणाला?"

"न्हाय. आक्का, तुमी तुमचं रांधा. त्येनं केलं ते त्येच्याच अक्षरात ऱ्हाऊ दे."

दोन महिने गेले. बाई पोरांना पाढे शिकवत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, हिनं हार खाल्ली. मला त्यांचा राग आला, खरं सांगते.

मग तो आठवडा. सोमवारी शेगडी पेटवली तेव्हाच मला कळलं, सिलिंडर बुधवारच्या पुढं जात नाही. दुसरा रिकामाच पडला होता. मी ऑफिसात जाऊन सांगितलं. मास्तर मोबाइलवर होता. म्हणाला, "गॅसबिस बायकांचं काम. त्येच्यासाठी सायबाकडं येत्यात व्हय?"

बाईंनी तेच एका कागदावर नीट लिहून त्याच्यापुढं ठेवलं आणि पोच म्हणून सही मागितली. त्यानं न वाचता केली. त्याला सही करायला आवडायचं.

मंगळवारी तालुक्याचं पत्र आलं, कन्नडमध्ये. मास्तरला कन्नड बोलता येई, वाचायचा कंटाळा. पत्रं बाईंनीच वाचून दाखवायची असा त्याचा हुकूम होता. मी तिथं चहा ठेवत होते. बाईंनी उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत पत्र वाचलं, मग मराठीत सांगितलं, "गुरुवारी सकाळी बिसीऊट तपासाय तालुक्याचे साहेब येणार हाईत." मास्तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "हां हां. फायलीला लावा." बाईंनी फायलीला लावलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई माझ्याकडं एक पोतं टाकून गेल्या. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, वर केळ्यांचा घड. "उद्याला ठेवा," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी साडेअकराला तालुक्याचे साहेब आले. शेगडी थंड. मास्तर धावत आला, बटण लावत. साहेबांनी रजिस्टर मागितलं. उघडलं, वाचलं, पान माझ्याकडं केलं, परत मास्तरकडं केलं. साहेब कन्नड माणूस, पण मराठी छान बोलायचे.

"मास्तर, आजच्या भाताची चव उत्तम म्हणताय. भात कुठं हाय?"

"सर, गॅस..."

"ऱ्हाऊ दे गॅस. उद्याच्या सांबारात मीठ बरोबर हाय न्हवं?"

साहेबांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"आन परवाचं उप्पीट? ते जरा जास्त शिजलंय काय? बगा की, तुमीच चाखलंय."

बाहेर पाणी प्यायला आलेली पोरं हसली. मी पण हसले, तोंडावर पदर न धरता. मास्तर म्हणाला, गॅसचं मला कुणी सांगितलंच नाही. बाई तिसरीच्या वर्गातून शांतपणे आल्या, त्याच्या सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि परत पाढ्यांवर गेल्या. पत्र तर फायलीला लावलेलंच होतं.

पोरं चुरमुरे आणि केळी खाऊन खूश होती. संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "चुरमुरे आणलासा, तसा गॅस पण आणवता आला असता की."

"आला असता," बाई म्हणाल्या.

मला ते आवडलं. आजही आवडतं. पोरांना एक दिवस भात मिळाला नाही, बिघडलं काही नाही. ज्याला वाईट वाटतं त्यानं वाटून घ्यावं.

मास्तरचा चार्ज काढला. ऑफिसातून निरोप आला, बाईंनी पहिल्यासारखं इनचार्ज म्हणून बघावं. बाईंनी लिहून पाठवलं की आता इनचार्ज नको, पक्की ऑर्डर येऊ दे, तोवर मी तिसरीची शिक्षिका. आणि खरंच ऑफिसकडं फिरकल्या नाहीत. कुलूप तसंच. मी आणि पोरं आमचं नीट चालवत होतो, पण दाखले अडले, पत्रं साठली, गावातली माणसं दाखल्यासाठी अध्यक्षाच्या दारात जाऊन ओरडायला लागली. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी अध्यक्ष स्वतः तिसरीच्या दारात आला. टोपी हातात. बाई फळ्यावर लिहीत होत्या.

"बाई, जरा..."

बाईंनी घड्याळ बघितलं. "तास चालू हाय. तास संपला की."

चाळीस मिनिटं तो उन्हात उभा राहिला. बसायला मी काही दिलं नाही. पलीकडच्या विहिरीवर बायका होत्या, चहाच्या गाड्यावर माणसं होती, सगळ्यांनी बघितलं. बाईंनी तास एक मिनिट आधी सोडला नाही. मग बाहेर आल्या, हातावरचा खडू झटकला.

"बोला."

"चुकलं बाई. किल्ल्या घ्या. गाव खोळंबलंय."

"मास्तरसाठी खटपट कुणी केलती?"

"मीच की."

"किती दिसात कागद आला?"

"...म्हयन्यात."

"मग तेवढ्याच दिसात माझी फाईल हालवा. सायबाच्या खांद्यावर हात टाकाय तुमाला येतंय."

सव्वा महिन्यात ऑर्डर आली. अध्यक्षानं सहा खेपा घातल्या बेळगावच्या. बाईंनी ऑर्डर दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ऑफिसचं कुलूप उघडलं. पहिलं काम, खुर्चीवरचा टॉवेल काढून मला दिला. भांडी उतरायला बरा होता. दुसरं काम, चव घ्यायची जबाबदारी लेखी हुकमानं हणमंत मास्तरकडं दिली. रोज बाराला त्यानं दारात उभं राहून पोरांसमोर अख्खं ताट जेवायचं आणि मग लिहायचं. बाई शेजारी उभ्या. तीन वर्षं. ज्या दिवशी मला त्याच्या सायबपणाची आठवण यायची त्या दिवशी मी त्याच्या ताटात मिरच्या जरा जास्त टाकायचे. तो लिहायचा, "चव चांगली."

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बाई खुनशी होत्या. होत्या. पण त्या तीन वर्षांत शाळेतली एक मुलगी गळली नाही. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात पाठवायला घरात बसवलेल्या दोघींना त्यांनी बापांच्या दारात खुर्ची टाकून परत आणलं. तेही मायेनं नाही. बापाला म्हणाल्या, "पोरगी येत न्हाय तवर मी हितनं उठत न्हाय. तुमी कामावर जावा, मी हाय." गड्यांनी छडी ठेवली, बाईनं खुर्ची टाकली. एवढाच फरक मला दिसला, आणि खुर्ची जास्त लागते.

रिटायर व्हायच्या दिवशी अध्यक्षानं मांडव घातला. हणमंत मास्तर नवा शर्ट घालून आलेला. बाई गेल्या की जागा रिकामी, रिकाम्या जागेचा चार्ज आपल्याकडं, असा त्याचा हिशोब. अध्यक्ष माइकवर बोलला, "बाईंनी आईच्या मायेनं..." आणि बराच वेळ बोलला. मास्तर हार घेऊन उभा होता.

तेवढ्यात रिक्षा आली. चाळिशीची एक बाई उतरली, बरोबर ट्रंक. गुंजीकडून बदलून आली होती, हातात ऑर्डर, हेडमास्तर म्हणून. बाईंनी सहा महिन्यांपूर्वीच आपली जागा रिकामी होणार म्हणून ऑफिसला कळवून ती जागा बदलीच्या यादीत घालायला लावली होती, तीन वेळा जाऊन पाठपुरावा केला होता. इनचार्ज कुणी राहायचाच नव्हता. बाई मांडवातून उठल्या, त्या बाईला हाताला धरून ऑफिसात नेलं, खुर्चीवर बसवलं, हजर झाल्याची सही घेतली. परत येऊन माइकजवळ गेल्या.

"अध्यक्ष म्हणाले, आईच्या मायेनं. मला मूलबाळ न्हाय, मला आईपण ठाऊक न्हाय. मी हितं हेडमास्तर होते. नव्या हेडमास्तर आत बसल्यात. काम असंल त्यांनी आत जावं."

आणि खाली उतरल्या. मास्तरच्या हातातल्या हाराचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं तो शेवटी माइकच्या दांडीला अडकवला.

बसथांब्यापर्यंत मी पिशवी घेऊन गेले. ऊन होतं. मी विचारलं, "बाई, ही नवी टिकंल का? ऑफिसात बसल्या बसल्या डोळं पुसत होती. गुंजीच्या पोरांची आठवण काढत होती."

"रडकी हाय थोडी."

"मग?"

"रडत रडत करंल. मी काय कमी रडले?"

"तुमी? कवा?"

"तुमाला कशाला सांगू?" बाई म्हणाल्या.

निपाणीची बस आली. गर्दी होती. बायकांच्या पहिल्या सीटवर एक जाडजूड गडी पाय पसरून बसला होता, पेपर वाचत. मी खालून बघत होते. आमच्याकडं आधार कार्ड दाखवलं की बायकांना बस फुकट; बाई ते कार्ड हातात धरून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. त्यानं पेपरावरून एकदा बघितलं, परत वाचायला लागला. बाई तशाच. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, थोडं पुढं जाऊन वळणावर हळू झाली. तेवढ्यात मला खिडकीतून दिसलं, तो गडी पेपर घडी करत उठत होता.